पाच डाव बॉल लागला

फुटबॉलचा रेफरी व्हायला माझ्याकडे एकच पात्रता होती. शिट्टी.

१९९९ साली मी केशोरीच्या शाळेत पीटीचा शिक्षक म्हणून रुजू झालो. मी मूळचा कबड्डीचा माणूस. चढाई, पकड, बोनस हे मला झोपेतून उठवून विचारा, सांगेन; पण ऑफसाइड म्हणजे काय असं कोणी विचारलं तर अजूनही मी पाणी पिऊन येतो म्हणून उठतो. गावात येऊन पंधरा दिवस झाले असतील. रविवारी सकाळी माझ्या खोलीसमोर एक विशीतला तरुण सायकलवरून उतरला. गोरापान, बारीक डोळ्यांचा, गाल उन्हाने लाल झालेले. हा बाहेरगावचा दिसतो, असं मनाशी धरून मी माझी मोडकीतोडकी हिंदी जुळवायला लागलो. तेवढ्यात तोच म्हणाला, "सर, तुमच्याजवळ शिट्टी आहे म्हन्ते. चाला ना जी, आमची म्याच खोळंबून राहिली."

मी केशोरीत नवा होतो, त्यामुळे माझी झाडीबोली, म्हणजे इकडची मराठी, त्याच्यापेक्षा कच्ची होती. ही नोर्बूची आणि माझी पहिली भेट.

केशोरीहून गोठणगावच्या बाजूला गेलं की तिबेटी लोकांची वसाहत लागते. आमच्याकडे तिला सगळे नुसतं कॅम्प म्हणतात. तिथल्या म्हाताऱ्यांनी डोंगर तुडवत आपला देश सोडला होता. इथे त्यांना जमीन मिळाली आणि बर्फातली ती माणसं आमच्या रणरणत्या उन्हात धान लावायला शिकली. नोर्बूचा जन्म इथलाच. तिबेट त्याने पाहिलं होतं ते घरातल्या कॅलेंडरवर.

त्यांचं मैदान म्हणजे धान कापून रिकामी झालेली एक मोठी बांधी, म्हणजे भातखाचर. धसकटं खुरप्याने काढलेली, दोन टोकांना बांबूचे गोल आणि चारही बाजूंनी धुरे. धुरा म्हणजे शेताचा मातीचा बांध. तोच त्यांची सीमारेषा. बॉल धुऱ्यावर आपटून आत आला तर खेळ चालू, पलीकडच्या बांधीत गेला तर बाहेर. नोर्बू उजव्या अंगाने बॉल घेऊन सुसाट यायचा आणि वेग आवरला नाही की टुणकन उडी मारून धुऱ्यापलीकडे उतरायचा. ही उडी त्याच्या पायात इतकी मुरली होती की चुन्याने आखलेल्या सपाट मैदानावरही रेषा आली की तो उडायचा. अनोळखी प्रेक्षक हसायचे. आम्हाला मात्र तिथे धुरा दिसायचा.

पहिल्याच सामन्यात मी एका खेळाडूला मध्यरेषा ओलांडली म्हणून बाद ठरवलं. खेळाडू एकमेकांकडे पाहायला लागले. नोर्बू हळूच जवळ आला आणि कोणाला ऐकू जाणार नाही अशा बेताने म्हणाला, "सर, हे कबड्डी नोहे जी." मग मोठ्याने सगळ्यांना म्हणाला, "सर म्हन्ते पानी पिऊन घ्या." माझी अब्रू त्याने अशी झाकली. पुढे पंधरा वर्षं मी त्या बांधीत शिट्टी वाजवली ती त्या पाण्याच्या सुट्टीच्या भरवशावर.

धान घरात आलं की कॅम्प अर्धा रिकामा व्हायचा. बायका-पुरुष स्वेटरांचे गठ्ठे घेऊन शहराशहरांत जायचे. नोर्बू आणि त्याची आई गोंदियाला दुकान मांडायचे. स्वेटर विकण्याची त्याची एक रीत होती. गिऱ्हाइकाने स्वेटर अंगात घातला की तो म्हणायचा, "दोनो हाथ ऊपर." भल्याभल्या शेटजींनी भर रस्त्यात त्याच्यापुढे हात वर केलेले मी पाहिलेत. पोट उघडं पडलं तर तो स्वेटर तो विकायचा नाही, कितीही विनवा. मी एकदा एक निळा स्वेटर हौसेने उचलला, तर माझ्या हातातून काढून घेत म्हणाला, "हे घेऊ नका सर. दोन धुन्यात लोंबते." दुकानदारच असं बोलायला लागला तर धंदा कसा व्हायचा? पण व्हायचा. माणसं दरवर्षी त्यालाच शोधत यायची. कोणी विचारलं, "नेपाल से आये हो?" तर आमच्या तालुक्याचं नाव सांगायचा, "नहीं, अर्जुनी से."

घरी आई-वडील. तिबेटी लोक वडिलांना पाला आणि आईला आमाला म्हणतात. मीही तेच म्हणायला लागलो. पाला उंच, वाळकुडे, हातात सतत फिरणारं प्रार्थनाचक्र. त्यांच्या घराची एक गोष्ट पहिल्या दिवसापासून डोळ्यांत खुपायची. अंगण सारवलेलं, लख्ख, पण त्यात एक झाड नाही. शेजाऱ्यांकडे पपया, सीताफळं, एकाकडे तर फणस. इथे तुळशीएवढंसुद्धा हिरवं नाही. उन्हाळ्यात भिंतीची सावली सरकेल तसा आमाला आपला पाट सरकवायच्या. मला राहवेना. मी म्हटलं, "पाला, एक कडुनिंब तरी लावा."

पाला हिंदी बोलायचे, तेही जपून. "मास्टरजी, पेड लगाया तो आदमी अटक गया. हम को वापस जाना है."

मी नोर्बूकडे पाहिलं. तो खाली मान घालून बॉलमध्ये हवा भरत होता. पाला कधी त्याचा खेळ पाहायला मैदानावर येत नसत. म्हणायचे, "गेंद के पीछे भागने से घर मिलता है क्या?" याचं उत्तर नोर्बूला द्यायचं होतं, हे मला पुढे कळलं.

त्याच वर्षी केशोरीच्या मंडळाने फुटबॉलचे सामने भरवले. माइकवर तुळशीराम. या तुळशीरामचा मंडप आणि लाउडस्पीकरचा धंदा; लग्न असो की निवडणूक, आवाज त्याचाच. मनाने सोन्यासारखा माणूस, पण तोंडाला लगाम नाही. कॅम्पची टीम मैदानात उतरली आणि तुळशीरामने सगळा जीव ओतून पुकारलं, "आता येऊन राहिले, विजेसारखे चपळ, आपले चायना बॉइज!"

लोकांनी टाळ्या वाजवल्या. नोर्बूने बॉल मैदानाच्या मधोमध ठेवला आणि त्यावर बसला.

मी शिट्टी वाजवली. तो उठला नाही. पुन्हा वाजवली. मग जवळ गेलो तर शांतपणे म्हणाला, "सर, पयले नाव बरोबर सांगा लावा. मंग खेळू." त्याच्या आवाजात राग नव्हता, पण तो उठणार नाही हे स्पष्ट दिसत होतं. शेवटी तुळशीराम माइक सोडून धावत आला. "काऊन गा नोर्बू, चांगलंच तं म्हटलं. केवढा मोठा देश आहे ना बाप्पा तो."

"मोठा आहे म्हनूनच तं पालाले पळा लागलं, तुळशीरामभाऊ."

तुळशीरामला खरंच ठाऊक नव्हतं, आणि खरं सांगायचं तर मैदानातल्या निम्म्या लोकांना ठाऊक नव्हतं. वर्षानुवर्षं शेजारी राहून, त्यांच्याकडून स्वेटर घेऊन, त्यांच्या धुऱ्याला धुरा लावून आम्ही कधी विचारलंच नव्हतं. तुळशीराम परत गेला, माइक हातात घेतला आणि म्हणाला, "चूक झाली. तिबेटची टीम. तिबेटची टीम. तिबेटची टीम." तीनदा. मग नोर्बू उठला, पॅंट झटकली, आणि सामना सुरू झाला. तो सामना ते तीन गोलांनी हरले.

संध्याकाळी सायकल हातात धरून आम्ही चालत निघालो, तेव्हा तो आपणहून बोलला. "सर, आज तुळशीरामभाऊ बोलला तसंच एक डाव बाहेरच्या देशात ऐकाचं आहे. लाउडस्पीकरवर आधी तिबेटचं नाव, मंग माझं. अन् ते पालाले ऐकवाचं आहे."

"पालाला कशाला? ते तर बॉलचं नाव काढत नाहीत."

"पाला म्हन्ते, आपलं नाव आता कोनी घेत नाही. नकाशात बी नाही. एवढ्या लोकाइसमोर कोनी घेतलं, तं मंग तसं म्हनता येनार नाही ना जी."

एवढंच त्याला हवं होतं. त्याला पैसा, नोकरी, कप काही नको होतं. त्याला वडिलांच्या कानावर एक नाव घालायचं होतं.

तेव्हा तिबेटी लोकांचा फुटबॉल संघ नुकताच उभा राहत होता. देशभरच्या कॅम्पांतून मुलं बोलावली जात होती. नोर्बूला पत्र आलं, तो हिमालयातल्या एका गावी शिबिराला गेला आणि निवडला गेला. युरोपात एका छोट्या देशाबरोबर सामना ठरला होता. पण या लोकांकडे पासपोर्ट नसतो. एक पिवळं पुस्तक असतं, ते मिळालं तरच बाहेर जाता येतं. नोर्बूचं पुस्तक वेळेत आलं नाही. संघ विमानात बसला आणि नोर्बू रेल्वेने गोंदियाला उतरला.

पुस्तक आठ दिवसांनी पोस्टाने आलं. मी तेव्हा तिथेच होतो, सांत्वन करायला गेलो होतो. रोवणीचे दिवस. नोर्बू गुडघाभर चिखलात धानाची रोपं लावत होता. पोस्टमनने धुऱ्यावरून हाक मारली तसा तो बाहेर आला, पाटाच्या पाण्यात हात धुतले, सदऱ्याला पुसले आणि पुस्तक घेतलं. पानं उलटून पाहिली. मग पोस्टमनला घरी नेऊन चहा पाजला. मी त्या पोस्टमनच्या जागी असतो तर मला तो चहा घशाखाली गेला नसता.

"वाईट वाटलं असेल," मी म्हटलं.

"वाटते ना सर. खूप वाटते." त्याचे डोळे भरले होते आणि ते लपवायची त्याने काही खटपट केली नाही. "पन रोवना थांबते का? अन् पुस्तक तं आलं. आता पुडच्या डावाले उशीर होनार नाही."

पुढचा डाव यायला सहा-सात वर्षं लागली. मधे दोनदा शिबिराला जाऊन परत आला. एकदा गुडघा सुजला म्हणून, एकदा त्याच्यापेक्षा चपळ पोरं आली म्हणून. दोन्ही वेळा कॅम्पातल्या लोकांनी पांढरे रेशमी रुमाल गळ्यात घालून निरोप दिला होता, तशी त्यांच्यात पद्धत आहे. तो परत आला की ते सगळे रुमाल धुऊन, घड्या घालून ठेवायचा. म्हणायचा, "वाया कायले घालवाचे? पुडच्या डावाले कामी येतील."

याच काळात त्याचं लग्न झालं, मुलगी झाली. गोंदियात दुकान उघडण्याआधी रोज सकाळी धावणं चालूच. आणि ते पिवळं पुस्तक. मुदत संपत आली की हा कामधंदा टाकून खेटे घालायचा आणि मुदत वाढवून आणायचा. बिस्किटाच्या डब्यात, प्लास्टिकमध्ये गुंडाळून ठेवलेलं असायचं. मी चिडवायचो, "नोर्बू, कुठं जायचं आहे रे तुला?" तो म्हणायचा, "जावाचं नसलं तरी तयार राहाचं." हे ऐकताना मला त्यांचं बोडकं अंगण आठवायचं. बाप झाड लावत नव्हता आणि लेक पुस्तकाची मुदत संपू देत नव्हता. दोघंही सामान बांधूनच बसले होते. पण हे मी त्याला कधी बोललो नाही. मित्र झाला तरी काही गोष्टी तोंडावर बोलायच्या नसतात.

मग एकदा खरंच बोलावणं आलं. नोर्बूचं वय अठ्ठावीस. संघातली बाकीची पोरं त्याला दादा म्हणण्याच्या वयाची. निवड झाली तीही राखीव म्हणून. हा शेवटचा डाव आहे हे त्याला माहीत होतं, मला माहीत होतं, आणि पालांनाही माहीत होतं. पालांना तोवर दिसेनासं झालं होतं. नोर्बू पायाशी बसला तेव्हा त्यांनी त्याचं तोंड हातांनी चाचपलं आणि एकच वाक्य बोलले, "नाम सुनके आना."

नोर्बू त्याच दुपारी माझ्याकडे आला. "सर, पालाले आता दिसत नाही. फोटो नेऊन काय करू? आवाज आना लागते."

माझ्याकडे शाळेच्या कवायतीसाठी घेतलेला एक छोटा टेपरेकॉर्डर होता. हातात मावेल एवढा. त्यात माझ्याच आवाजातली कवायतीची कॅसेट. सकाळी मैदानावर घसा फोडायचा कंटाळा, म्हणून मी एकदाच सगळे हुकूम भरून ठेवले होते. मी म्हटलं, अर्जुनीत कोरी कॅसेट घे. पण गाडीची वेळ झाली होती. मग म्हटलं, "यावरच भर. पोरं महिनाभर कवायत करणार नाहीत, देशाचं काही बिघडत नाही."

तो गेला. आमच्या शाळेत कवायत बंद पडली. मुलं खूश होती.

महिन्याभराने, ऐन उन्हाळ्यात, नोर्बू एसटीतून केशोरीला उतरला तर स्टँडवर तुळशीरामचा मंडप तयार. सत्कार. उन्हात अंगाची लाही होत होती आणि नोर्बूच्या गळ्यात कॅम्पवाल्यांचे रुमाल, त्यावर गावाची लोकरी शाल. ती शाल कोणी आणली होती कोण जाणे, पण नोर्बूने तिचा कोपरा चाचपला आणि माझ्या कानात म्हणाला, "सर, हे तं आमच्याच गठ्ठ्यातली आहे. आमालानं माघात विकली." तुळशीराम माइकवर रंगात आला होता. "परदेशात जाऊन दोन गोल हाणले आपल्या नोर्बूभाऊनं!" लोकांनी शिट्ट्या वाजवल्या. नोर्बूने पुढे होऊन माइक मागून घेतला.

"गोल नाही मारला जी. आपन चार गोलांनी हारलो. मी शेवटचे बारा मिनिटं खेळलो. पाच डाव बॉल लागला." आणि ते पाच डाव त्याने नीट सांगितले. एकदा छातीवर घेतला, दोनदा मागे दिला, एकदा बाहेर गेला, आणि एकदा गोलाच्या बाजूने मारला तो त्यांच्या गोलकीपरने धरला. बस.

पुढे किती वर्षं, किती लोकांना त्याने हे सांगितलं असेल. माणूस सांगता सांगता वाढवतो, मासा हातभर होतो. नोर्बूचे पाच डाव कधी सहा झाले नाहीत. लोंबणारा स्वेटर न विकणारा माणूस होता तो.

दुसऱ्या दिवशी सकाळी कॅम्पच्या सभागृहात सगळे जमले. म्हातारी माणसं पुढे सतरंजीवर, पाला अगदी रेकॉर्डरजवळ, शाळकरी मुलं मागे. मी दाराशी. नोर्बूने बटण दाबलं.

आणि सभागृहात माझा आवाज घुमला, "सावधान!"

त्याने भरायला सुरुवात केली होती, पण कॅसेटच्या तोंडाशी माझा एक हुकूम तसाच राहिला होता. मागची सगळी मुलं माझ्याच शाळेतली. सवयीने ती खाडकन उभी राहिली. मुलं उभी राहिलेली पाहून बायका उठल्या, मग म्हातारेही एकमेकांना धरून उठले. मला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. तेवढ्यात खट्ट आवाज झाला आणि पलीकडून तिबेटचं राष्ट्रगीत सुरू झालं. माझी चूक कोणाला चूक वाटलीच नाही. उभं राहायचंच होतं.

गीत संपलं. परक्या भाषेत लाउडस्पीकर काहीतरी बोलला. त्यात एक शब्द स्वच्छ ऐकू आला, आपण म्हणतो त्याहून जरा वेगळा, पण तोच. तिबेट. मग टाळ्या. पुन्हा खट्ट. आता नोर्बू मैदानात उतरण्याची वेळ. पुन्हा तो लाउडस्पीकर, पुन्हा तो शब्द, आणि त्यामागे, शेवटचं अक्षर लांबवत, नोर्बू.

पालांनी एक बोट वर केलं. नोर्बूने कॅसेट मागे नेली. पुन्हा ऐकवलं. पालांनी पुन्हा बोट वर केलं. तीनदा. प्रार्थनाचक्र थांबलेलं होतं. मी त्यांना इतक्या वर्षांत ते चक्र थांबवलेलं कधी पाहिलं नव्हतं.

इथे खरं तर संपायचं. पण मैदानात उतरताना नोर्बूने रेकॉर्डर संघाचं पाणी सांभाळणाऱ्या एका म्हाताऱ्याच्या हाती दिला होता, आणि त्या बिचाऱ्याला तो बंद करता आला नव्हता. कॅसेट पुढे फिरत राहिली. लोकांचा गलका, शिट्ट्या, पळणाऱ्या पायांचा आवाज. आणि त्या सगळ्यावरून एक आवाज, आपल्या बांधीतला:

"अबे इकडे दे ना बे! मी मोकळा आहो! काऊन पाहून राहिला?"

मागच्या पोरांतून एक फुसकं हसू निघालं आणि बघता बघता सगळे हसायला लागले. कॅसेटमधला नोर्बू ओरडतच होता, "दे ना बे! गेला ना आता!" समोरचा नोर्बू दोन्ही हातांनी तोंड झाकून बसला.

"तुला तिथे तिबेटी आठवली नाही?" मी विचारलं.

"धावता धावता हेच निंगते सर तोंडातून. कोनी दक्षिनेकडचा, कोनी पहाडातला, एक नेपाळातला. कोनालेच समजे ना. म्हनून तं पाचच डाव बॉल लागला."

मी पालांकडे पाहिलं. मला धास्ती वाटली होती. आयुष्यभर देशाची वाट पाहिलेला माणूस. त्या देशाचं नाव घेऊन लेक उतरला आणि ओरडला कशात, तर केशोरीच्या बोलीत. पण पाला हसत होते. आधी आवाज न करता, मग खांदे हलवत, मग खोकला येईपर्यंत. आमालांनी पाणी दिलं. ते पिऊन त्यांनी विचारलं, "वहां कोई नहीं समझा?"

"कोई नहीं, पाला."

"हम तो समझ गया," पाला म्हणाले आणि त्यांनी नोर्बूचा हात हातात घेतला.

पाऊस चांगला लागल्यावर एके दिवशी नोर्बू सायकलवरून माझ्या दारात. माझ्या परसात आंब्याची दोन कलमं होती. म्हणाला, "सर, एक कलम द्या जी. पालानं सांगतलं, आंबा लाव."

मी फावडं हातात घेतलं आणि तसाच थांबलो. "आणि वापस जायचं?"

"मी बी तेच इचारलं. पाला म्हन्ते, जायेंगे तो जायेंगे. आम कोई और खा लेगा."

कलमाची मुळं मातीसकट गोणपाटात बांधताना मी एकच गाठ तीनदा सोडून पुन्हा बांधली. नोर्बूने ते पाहिलं असावं, कारण तो उगाच पावसापाण्याचं बोलायला लागला. खड्डा त्याने खणला, माती पालांनी लोटली, चाचपत चाचपत. पुढे त्या आंब्याला फळ धरलं, आणि पालांनी दोन उन्हाळे ते खाल्लं. रस नाही, फोडी नाहीत; चोखून, कोपरापर्यंत ओघळ येऊ देत. तिसऱ्या उन्हाळ्याआधी ते गेले. शांतपणे गेले.

मी निवृत्त झालो आणि साकोलीला लेकाकडे राहायला गेलो. नोर्बूला शेवटचं पाहिलं त्यालाही आता काही वर्षं झाली. कॅम्पचे सामने होते, त्याने आग्रहाने बोलावलं होतं. आधी घरी गेलो. आमाला आंब्याखाली बसल्या होत्या. आता पाट सरकवावा लागत नव्हता. नोर्बूने कैऱ्यांच्या फोडी तिखटमीठ लावून पुढे ठेवल्या. केस पिकायला लागले होते, गुडघ्याला पट्टा. मी कॅसेटचं विचारलं.

"मशीननं खाल्ली जी. नावाची जागाच खाल्ली. आता नुसतं माझं बोंबलनं राहिलं त्याच्यात."

मला चुटपुट लागली. मी हळहळलो तसा तो हसला. "राहू द्या सर. नाव मले पाठ आहे. अन् ज्याले ऐकवाचं होतं त्यानं ऐकलं."

दुपार कलल्यावर मैदानावर गेलो. आता धुरे मोडून मैदान सपाट केलेलं, चुन्याच्या रेषा. शेवटचा सामना गमतीचा, पिकलेल्या केसांच्या लोकांचा; अर्धे कॅम्पचे, अर्धे केशोरीचे, मिसळून दोन टीम. शिट्टी दुसऱ्याकडे होती आणि त्याला ऑफसाइड कळत होतं. माइकवर मात्र अजून तुळशीरामच. दात गेले होते, आवाज शाबूत. त्याने एकेकाचं नाव पुकारलं आणि शेवटी म्हणाला, "अन् हे आपले नोर्बूभाऊ."

नोर्बूने बॉल मैदानाच्या मधोमध ठेवला आणि त्यावर बसला.

पोरांना काही कळेना. रेफरी शिट्टीवर शिट्टी वाजवायला लागला. नोर्बू गुडघ्याचा पट्टा सारखा करत बसून राहिला. तुळशीरामला मात्र कळलं. त्याने घसा साफ केला.

"चूक झाली. तिबेटचे इंटरनॅशनल खेळाडू, मुक्काम पोस्ट केशोरी, नोर्बूभाऊ."

नोर्बू उठला, पॅंट झटकली. खेळ सुरू झाला. तो उजव्या अंगाने लंगडत धावत निघाला, चुन्याच्या रेषेजवळ आला आणि तिथे नसलेल्या धुऱ्यावरून त्याने छोटीशी उडी मारली. मग वळून हात वर केला आणि ओरडला, "अबे इकडे दे ना बे!"

बॉल लगेच आला. त्या मैदानावर ती बोली सगळ्यांना समजत होती.